स्मरणशक्तीची बाटली घेण्याआधी: घरातल्या ज्येष्ठांसाठी पायरी-पायरीने

"दादा, आईसाठी स्मरणशक्तीचं काहीतरी चांगलं द्या. महाग असलं तरी चालेल."

औषधाच्या दुकानात सत्तावीस वर्षं काढल्यावर हे वाक्य कोणत्या सुरात येणार हेसुद्धा मला पाठ झालंय. विचारणारी बहुधा मुलगी किंवा सून, वेळ संध्याकाळची, ऑफिसातून घरी जाता जाता. आई हल्ली विसरते आणि आपण काही करत नाही, ही तगमग चेहऱ्यावर दिसते. माझ्या मागच्या फळीवर ब्राह्मीच्या कॅप्सूल, शंखपुष्पीचं सिरप, जिंको (एका झाडाच्या पानांचा अर्क), ओमेगा-३, मल्टिव्हिटॅमिन असं चिठ्ठीशिवाय मिळणारं सगळं मांडलेलं असतं. एक बाटली काढून दिली की तीही खूश आणि मीही.

आमच्या धंद्यातलं एक आधीच सांगून टाकतो. सरकारने किंमत बांधून दिलेल्या औषधांवर किरकोळ दुकानदाराला १६ टक्के सुटतात. पूरक आहार म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटल्यांना असलं बंधन नाही, त्यामुळे त्यांवरची मिळकत बरी असते. तेव्हा दुकानदार "हे न्या, खूप चालतं" असं चटकन म्हणाला तर जरा दमाने घ्या. खूप चालतं म्हणजे खूप विकलं जातं. बरीच वर्षं मीही तसंच म्हणत होतो.

पहिली पायरी: विसरणं कसलं आहे ते पाहा

चष्मा कुठे ठेवला, शेजारच्या मुलीचं सासर कुठलं, फ्रीज उघडला तो कशासाठी, हे विसरणं सत्तरीत सर्रास होतं आणि थोड्या वेळाने आठवतंही. काळजीचं विसरणं वेगळं दिसतं. वर्षानुवर्षं भिशीचा हिशोब तोंडी ठेवणाऱ्या काकूंना पैसे कोणी दिले आणि कोणाचे राहिले तेच उमगेनासं होतं. भरलेलं विजेचं बिल पुन्हा भरायला निघतात. रोजच्या देवळाच्या वाटेवर वळण चुकतं. तोच प्रश्न अर्ध्या तासात चौथ्यांदा येतो आणि विचारणाऱ्याला आधी विचारल्याचा पत्ताही नसतो. असं काही महिने चाललं असेल तर माझ्या दुकानाची पायरी चढू नका, थेट डॉक्टरांकडे जा. बाटलीवर सहा महिने घालवले की निदान सहा महिने लांबतं.

तिसरा प्रकार तातडीचा. परवापर्यंत ठीक असलेलं माणूस एक-दोन दिवसांत गोंधळलं, वेळकाळाचं भान सुटलं, दिवसा गुंगी आणि रात्री बडबड सुरू झाली, तर "वय झालं" म्हणून सोडू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. लघवीचा जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, साखर खाली जाणं, रक्तातलं सोडियम उतरणं ही यामागची नेहमीची कारणं. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर सोडियमवर विशेष लक्ष हवं. आणि गेल्या महिन्या-दोन महिन्यांत कुठे पडझड झाली असेल, डोक्याला नुसतं टेंगूळ आलं असेल, तरी डॉक्टरांना सांगा. कवटीच्या आत हळूहळू रक्त साठून आठवड्यांनंतर गोंधळ दिसू लागतो, आणि रक्त पातळ करायची गोळी घेणाऱ्यांना हा धोका जास्त.

दुसरी पायरी: गोळ्यांची पिशवी टेबलावर ओता

सगळी म्हणजे सगळी. डब्यातल्या स्ट्रिप, उशीखालची झोपेची गोळी, देव्हाऱ्याशेजारचं चूर्ण, शेजारणीने दिलेला काढा, मुलाने परदेशातून आणलेली बाटली. कागदावर नाव, ताकद, केव्हापासून आणि कशासाठी, असं लिहून काढा. "कशासाठी" हा रकाना रिकामा राहिला तर त्या नावाखाली रेघ मारा. ती गोळी डॉक्टरांना आधी दाखवायची.

मागच्या पावसाळ्यात एक ताई अशीच बाटली मागायला आल्या. आईचं वय त्र्याहत्तर. मी म्हटलं, बाटली उद्या, आधी पिशवी आणा. दुसऱ्या दिवशी काउंटरवर बीपीची गोळी, साखरेची मेटफॉर्मिन, अॅसिडिटीसाठी पाच वर्षं चालू असलेली पँटोप्राझोल, पायाच्या मुंग्यांसाठी रात्रीची अमिट्रिप्टिलीन, लघवी सारखी लागते म्हणून ऑक्सिब्युटिनिन आणि वर सर्दीची एक गोळी असं निघालं. सर्दी कधीच गेली होती. "ती घेतली की शांत झोप लागते" म्हणून आजी रोज रात्री घेत होत्या.

यातल्या शेवटच्या तीन गोळ्या वेगवेगळ्या दुखण्यांच्या, पण तिघींचं एक काम सारखं. मेंदूतलं असेटिलकोलीन नावाचं जे रसायन लक्ष आणि स्मरणासाठी लागतं, त्याची वाट त्या अडवतात. अल्झायमरमध्ये डोनेपेझिल देतात ते हेच रसायन टिकून राहावं म्हणून. म्हणजे घरात विसरायच्या तीन गोळ्या चालू होत्या आणि लेक चौथी आठवणीची न्यायला आली होती. उरलेल्यांपैकी मेटफॉर्मिन आणि पँटोप्राझोल, दोन्ही वर्षानुवर्षं घेतल्या तर बी-१२ कमी करू शकतात. आजी शाकाहारी होत्या. डॉक्टरांनी तपासायला सांगितलं तेव्हा बी-१२ निघालं १३८. दोनशेच्या खाली म्हणजे कमतरता समजतात.

सर्दीची गोळी बंद झाली, मुंग्यांची बदलली, बी-१२ची इंजेक्शनं सुरू झाली. आजी पहिल्यासारख्या झाल्या असं मी म्हणणार नाही; नावं अजून अडकतात. पण जेवताना गप्प बसायच्या त्या आता मधेच सुनेला टोकतात, असं ताई सांगत होत्या.

एक ताकीद मात्र पाळा. हे वाचून आपल्या मनाने कोणतीही चिठ्ठीवरची गोळी बंद करू नका. अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपामसारख्या झोपेच्या, घबराटीच्या गोळ्याही स्मरणशक्ती मंद करतात हे खरं, पण त्या एकदम तोडल्या तर झटके येऊ शकतात. हळूहळू उतरवायच्या असतात, तेही डॉक्टरांच्या सांगण्यावरून.

तिसरी पायरी: रक्त, कान आणि मन तपासून घ्या

बी-१२, थायरॉईड, सोडियम, साखर, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, या साध्या तपासण्या डॉक्टर लिहून देतील. एकच सूचना: बी-१२ची गोळी किंवा इंजेक्शन आधी घेऊन मग तपासायला जाऊ नका, आकडा फसवा येतो.

कानांकडे कोणी पाहत नाही. आजोबांना निरोप ऐकूच आला नाही, तर तो लक्षात राहणार कुठून? आपण म्हणतो, विसरले. अमेरिकेत २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत सगळ्यांना मिळून श्रवणयंत्राचा फायदा दिसला नाही, पण ज्यांना स्मरण ढासळण्याचा धोका मुळात जास्त होता त्यांच्यात तीन वर्षांत ती घसरण जवळजवळ निम्म्याने कमी राहिली. माझ्या फळीवरच्या कुठल्याही बाटलीच्या नावावर असा आकडा नाही.

मनाचंही तसंच. जोडीदार गेल्यानंतरच्या वर्षात विसरणं वाढलं असेल तर आधी उदासीचा विचार करा. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या २०२४च्या अहवालात डिमेन्शियाची (स्मृतिभ्रंशाची) जवळपास ४५ टक्के प्रकरणं चौदा गोष्टींशी जोडली आहेत ज्यांवर काही ना काही करता येतं. बीपी, मधुमेह, वाईट कोलेस्टेरॉल, कान, डोळे, धूम्रपान, एकटेपणा, नैराश्य ही त्यातली काही नावं. पूरक गोळ्या न घेणं हे कारण त्या यादीत नाही.

चौथी पायरी: बाटलीत काय आहे आणि त्याने काय होतं

जिंकोपासून सुरू करू, कारण त्याची परीक्षा सगळ्यात कडक झाली. अमेरिकेत ७५ आणि त्यापुढच्या ३,०६९ लोकांना सरासरी सहा वर्षं एकतर जिंको १२० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, नाहीतर तशीच दिसणारी पोकळ गोळी दिली. २००८ साली निकाल आला. जिंको घेणाऱ्या १,५४५ पैकी २७७ जणांना डिमेन्शिया झाला, पोकळ गोळीवाल्या १,५२४ पैकी २४६ जणांना. फ्रान्समध्ये २,८५४ लोकांवर पाच वर्षं झालेल्या चाचणीचा निकाल २०१२ साली आला, त्यातही डिमेन्शिया टळला नाही. एवढ्यावर थांबलं असतं तर "पैसे गेले" म्हणून सोडून दिलं असतं. पण जिंकोने रक्तस्राव वाढू शकतो. अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉर्फरिन किंवा रक्त पातळ करायची कुठलीही गोळी चालू असेल तर जिंको नकोच. माझ्याकडून क्लोपिडोग्रेल नेणाऱ्या एका काकांना जिंकोची बाटली मीच दिली होती, न विचारता. तीन आठवड्यांनी ते नाकाला रुमाल लावून दुकानात आले. तेव्हापासून "रक्त पातळ करायची गोळी आहे का?" हा प्रश्न मी आधी विचारतो, पैसे नंतर घेतो.

ब्राह्मीबद्दल आपल्याकडे जिव्हाळा आहे, आणि तो अगदीच निराधार नाही. निरोगी ज्येष्ठांवर झालेल्या काही छोट्या चाचण्यांत रोज ३०० मिलिग्रॅम अर्क बारा आठवडे घेतल्यावर शब्द लक्षात ठेवण्यात थोडी सुधारणा दिसली. एका चाचणीत ५४ माणसं, दुसरीत ९८. यावरून मोठं काही बोलता येत नाही, आणि डिमेन्शिया टळतो असं तर कोणी दाखवलेलंच नाही. मळमळ, पोटात कळ, पातळ शौच हे त्रास मात्र नेहमीचे, म्हणून जेवणानंतर घ्यावी. शिवाय ब्राह्मी म्हणून दोन वेगळ्या वनस्पती विकल्या जातात. चाचण्या झाल्या त्या पाणथळ जागी वाढणाऱ्या नीरब्राह्मीवर, म्हणजे बाकोपावर. दुसरी मंडूकपर्णी, जिला गोव्यात एकपानी म्हणतात आणि जिची चटणी छान लागते. चटणी खुशाल खा. पण कॅप्सूल घेताना लेबलवर 'बाकोपा' आहे की 'सेंटेला' ते वाचा.

शंखपुष्पी परीक्षेच्या हंगामात मुलांसाठी जाते आणि उरलेली आजी पिते. फेफऱ्याची फेनिटोइन चालू असेल तर ती बाटली घरात ठेवू नका. शंखपुष्पीच्या सिरपने रक्तातलं फेनिटोइन उतरतं हे भारतातल्याच अभ्यासात १९९२ साली नोंदलं गेलं. थांबलेले झटके परत आल्यावरच हे लक्षात आलं होतं. अश्वगंधेने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी जगभरातून आल्या आहेत. ती थायरॉईडचे आकडे वर ढकलू शकते, झोपेच्या गोळीची गुंगीही वाढवू शकते.

सारस्वतारिष्टासारख्या अरिष्टांत आंबवण्यातून तयार झालेला अल्कोहोल असतो, साखर-मधही असतो. मधुमेह असेल किंवा रात्री झोपेची गोळी चालू असेल तर हे दोन्ही मोजायला हवं. स्मृतिसागर रसासारख्या औषधांत पारा आणि हरताळ-मनःशिळेतून येणारा आर्सेनिक आहे. नावातली स्मृती पाहून ते स्वतःच्या मनाने घेऊ नये, वैद्य समोर असल्याशिवाय तर नाहीच. २००८ साली अमेरिकेत एका अभ्यासात इंटरनेटवरून मागवलेल्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी झाली. जवळपास पाचातल्या एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. मी आयुर्वेदाच्या विरोधात नाही, माझ्या आईचा च्यवनप्राश मीच आणतो. वैद्याने नाडी पाहून दिलेलं औषध वेगळं आणि ऑनलाइन सवलतीत आलेला तीन डब्यांचा संच वेगळा, एवढंच.

मल्टिव्हिटॅमिनची बाजू त्यातल्या त्यात बरी. अमेरिकेतल्या कॉसमॉस चाचण्यांत रोजच्या एका गोळीने ज्येष्ठांच्या स्मरणात थोडा फरक पडला, पण वीस शब्दांच्या यादीत तो एका शब्दाहूनही कमी होता. धोका कमी, फायदाही बेताचा. मात्र बी-६ मोठ्या मात्रेत बरेच महिने गेलं तर हातापायाच्या नसा बिघडतात. "नसांसाठी" म्हणून दोन-तीन गोळ्या एकदम चालू असतील तर प्रत्येकीतलं बी-६ मिळवून पाहा. ओमेगा-३ची मोठी मात्रा हृदयाचे ठोके अनियमित करू शकते. डिमेन्शिया टाळण्यासाठी बी आणि ई जीवनसत्त्वं, ओमेगा-३ किंवा एकत्रित पूरक गोळ्या सुचवू नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९च्या मार्गदर्शनात स्पष्ट म्हटलंय.

आणि न्यू जर्सीहून येणाऱ्या बाटल्या. चमकणाऱ्या जेलीफिशमधल्या प्रथिनावर बेतलेली प्रेव्हाजेन तिकडे दूरदर्शनवर जोरात गाजली. पोटात गेलेलं प्रथिन डाळीतल्या प्रथिनासारखंच पचतं, ते मेंदूपर्यंत अखंड कसं पोहोचणार हा प्रश्न जुनाच. २०१७ साली तिथल्या व्यापार आयोगाने आणि न्यूयॉर्कच्या महाधिवक्त्यांनी कंपनीवर खटला भरला, आणि २०२४च्या अखेरीस स्मरण सुधारतं असे दावे करायला न्यायालयाने मनाई केली. मुलगा प्रेमाने आणतो, त्याला "नको" म्हणणं अवघड जातं हे मला कळतं. पुढच्या वेळी त्याला आईच्या कानांची तपासणी करून द्यायला सांगा.

पिरासेटाम आणि सिटिकोलिन या स्मरणासाठी चिठ्ठीवर मिळणाऱ्या गोळ्या या फळीवरच्या नव्हेत, पण लोक जुनी चिठ्ठी दाखवून मागतात. पिरासेटाम मूत्रपिंडातून बाहेर पडतं, म्हणून क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर मात्रा बदलावी लागते. जुनी चिठ्ठी डॉक्टरांना पुन्हा दाखवा.

पाचवी पायरी: लेबल वाचा

बाटली फिरवा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी परवाना क्रमांक दिसला तर कायद्याच्या नजरेत ते खाद्य आहे, औषध नव्हे; 'औषधी वापरासाठी नाही' अशी इंग्रजी ओळही तिथेच असते. पुढच्या बाजूला चकाकणारा मेंदू आणि मागे ही ओळ, दोन्ही एकाच बाटलीवर. आयुर्वेदिक औषध असेल तर तसं लिहिलेलं असतं आणि उत्पादन परवान्याचा क्रमांक असतो. दोन्हीपैकी काही नसेल तर ठेवून द्या.

मग प्रत्येक घटकाची मात्रा मिलिग्रॅममध्ये आहे का ते पाहा. सतरा वनस्पतींची नावं आणि सगळ्यांची मिळून एकच मात्रा असेल, तर ब्राह्मी चिमूटभर आहे की मूठभर हे तुम्हाला कळणार नाही. 'विसरभोळेपणा मुळापासून बरा', 'अल्झायमरवर रामबाण' असं लिहिलं असेल तर बाटली आणखीच लांब ठेवा. मेंदूचे विकार बरे करण्याची जाहिरात १९५४च्या औषधे व जादूटोणा उपचार कायद्यानेच वर्ज्य केली आहे.

सहावी पायरी: घ्यायचंच ठरलं तर

सगळं ऐकूनही पुष्कळ जण घेतात. आजोबांना स्वतःहून काहीतरी करायचं असतं, त्यात वावगं काही नाही. मग एका वेळी एकच गोष्ट सुरू करा. ब्राह्मी आणि अश्वगंधा एकदम सुरू केल्या आणि पोट बिघडलं, तर दोष कुणाचा ते सापडणार नाही. डॉक्टरांना नाव सांगा. त्यांनी विचारलं नाही तरी सांगा. कॅलेंडरवर सुरू केल्याची तारीख लिहा आणि तीन महिन्यांपुढे एक खूण करा. सुरुवातीलाच दोन-तीन गोष्टी ठरवा ज्या बघून फरक कळेल: गोळ्या किती वेळा चुकल्या, फोनवर आलेला निरोप पोहोचला का, तोच प्रश्न दिवसात किती वेळा आला. "बरं वाटतंय" हे मोजमाप धरू नका, पहिला पंधरवडा सगळ्यांनाच बरं वाटतं. नोंदी घरातल्या दुसऱ्या कुणीतरी ठेवाव्यात. खर्चही तिथेच लिहा. महिन्याला ९०० रुपये म्हटले तरी वर्षाचे १०,८०० होतात.

डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली, हिरड्यांतून रक्त आलं किंवा नेहमीपेक्षा जास्त गुंगी वाटली, तर त्याच दिवशी बंद करून बाटलीसकट डॉक्टरांकडे जा. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद कोणालाही करता येते. भारताच्या औषधसुरक्षा कार्यक्रमाचा मोफत क्रमांक १८००-१८०-३०२४. मोतीबिंदूचं किंवा दुसरं कुठलंही ऑपरेशन ठरलं, दात काढायचा असला, तर या बाटल्यांचं नाव निदान दोन आठवडे आधी सांगा. दातांच्या डॉक्टरांना लोक बीपीची गोळी सांगतात, जिंको विसरतात.

तीन महिन्यांच्या खुणेला वही उघडा. फरक नसेल तर दुसरी बाटली आणू नका, मात्रा दुप्पटही करू नका.

"मग दादा, तुम्ही काहीच देणार नाही का?" हे विचारतातच. देतो. सात खणांचा गोळ्यांचा डबा, सोमवार ते रविवार, सकाळ-रात्र वेगळी. विसरणाऱ्या माणसाच्या हातून बीपीची गोळी दोनदा जाणं किंवा साखरेची अजिबात न जाणं, हा रोजचा धोका त्याने टळतो. डबा रविवारी संध्याकाळी भरायचा, भरणारं माणूस नेहमी एकच हवं, आणि रिकाम्या स्ट्रिप फेकण्याआधी मला दाखवायच्या.